विश्लेषण : बांकेबिहारी मंदिरात देवाच्या झोपेची वेळ कोण ठरवणार?

वृंदावनच्या बांकेबिहारी मंदिरात दर्शनाची वेळ वाढवण्याचा निर्णय वादात सापडला असून, डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी नोटीस बजावली. वेळ वाढवणे हे गर्दीचे नियोजन आहे की पूजाविधीत हस्तक्षेप, हा यातील कळीचा प्रश्न आहे.

मंदिराचा इतिहास काय?

कृष्णभक्त आणि संगीतकार स्वामी हरिदास यांना सोळाव्या शतकात वृंदावनातील निधिवनात ही मूर्ती प्राप्त झाली, अशी श्रद्धा आहे. तानसेन हे त्यांचेच शिष्य, असे परंपरा मानते. सध्याचे मंदिर १८६० च्या दशकातील आहे. स्वामी हरिदासांची परंपरा सांगणारी गोस्वामी घराणी येथे सेवा करतात. दिवसाच्या सेवेचा मान राजभोग गटाकडे, तर सायंकाळच्या सेवेचा मान शयनभोग गटाकडे असतो. मंदिराचा कारभार १९३९ मध्ये मथुरेच्या न्यायालयाने आखून दिलेल्या योजनेनुसार चालत आला आहे.

येथील प्रथा वेगळ्या कशा?

येथे देवाची सेवा लहान मुलासारखी होते. त्याची झोपमोड नको म्हणून पहाटेची मंगला आरती रोज होत नाही, ती वर्षातून एकदाच, जन्माष्टमीला होते. गाभाऱ्यापुढचा पडदा थोड्या थोड्या वेळाने ओढला जातो. एकटक पाहणाऱ्या भक्ताच्या प्रेमाने देव त्याच्यामागे निघून जाईल, अशी त्यामागची भावना. चरणदर्शन फक्त अक्षय्य तृतीयेला होते आणि हाती बासरी फक्त शरद पौर्णिमेला दिसते. श्रावणातल्या हरियाली तीजेला देव सोन्याच्या झुल्यावर बसतो.

मग अडचण कुठे?

वर्षातून एकदाच मिळणाऱ्या दर्शनाला त्या एका दिवशी लोटणारी गर्दी अरुंद कुंजगल्ल्यांत मावत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये जन्माष्टमीच्या मंगला आरतीवेळी चेंगराचेंगरीत आणि गुदमरून दोन भाविकांचा मृत्यू झाला. त्यानंतर मंदिराभोवती कॉरिडॉर उभारण्याच्या योजनेने वेग घेतला. त्यासाठी सुमारे पाच एकर जमीन लागणार असून, तेथील घरे आणि दुकाने हटवावी लागतील.

न्यायालयात काय घडले?

नोव्हेंबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉरिडॉरला परवानगी दिली, पण मंदिराच्या बँक ठेवींना हात लावू दिला नाही. १५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमीनखरेदीसाठी या ठेवी वापरण्यास मुभा दिली, मात्र जमीन देवाच्या नावे घेण्याची अट घातली. त्याच महिन्यात उत्तर प्रदेश सरकारने १८ सदस्यांच्या न्यासासाठी अध्यादेश काढला. यातील ११ सदस्य नियुक्त, सात पदसिद्ध; गोस्वामींना जागा दोनच. आपले म्हणणे न ऐकताच निर्णय झाला, अशी सेवायतांची तक्रार होती.

८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यातील आदेशात बदल करून निधीवापराची मुभा मागे घेतली. अध्यादेशाविरुद्धचे आव्हान उच्च न्यायालयाकडे सोपवले आणि तोपर्यंत कारभार पाहण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती अशोक कुमार यांची समिती नेमली. तीत दोन्ही गटांचे प्रत्येकी दोन गोस्वामी आहेत. याच समितीने पुढे व्हीआयपी दर्शनाच्या पावत्या बंद केल्या आणि दर्शनाची वेळ वाढवली.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २६ नुसार धार्मिक बाबींचे व्यवस्थापन संप्रदायाकडे असते. मालमत्तेच्या कारभाराचे नियमन मात्र सरकार कायद्याने करू शकते. राजस्थानातील नाथद्वाराच्या श्रीनाथजी मंदिराबाबत १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक लक्षात घेऊन सरकारी कायदा वैध ठरवला होता. महाराष्ट्रालाही हा विषय नवा नाही. पंढरपूर मंदिरे अधिनियम, १९७३ ने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवले आणि त्यांची कायदेशीर लढाई जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपली.

बांकेबिहारीचा पेच त्याहून नाजूक आहे. हिशेब, पावत्या, रांगा या व्यवस्थेच्या बाबी आहेत. भोग, आरती या धर्माच्या. दर्शनाची वेळ दोन्हींत मोडते. भाविकासाठी ते वेळापत्रक आहे, तर सेवायतांसाठी देवाच्या उठण्या-झोपण्याचा क्रम.

पुढे काय?

गर्दी विरळ करायची तर वेळ तरी वाढवावी लागते किंवा जागा तरी. वेळ वाढवली तर सेवेच्या प्रथेला धक्का बसतो. जागा वाढवली तर गल्ल्यांतील कुटुंबांना घर सोडावे लागते. तिसरा मार्ग एका वेळी आत सोडल्या जाणाऱ्या भाविकांची संख्या बांधून देण्याचा. त्यात प्रथा आणि घरे दोन्ही वाचतात. पण दुरून आलेल्या भाविकाला दर्शनाविना परतण्याची तयारी ठेवावी लागेल. २०२२ ची पुनरावृत्ती टाळायची तर या तिघांपैकी कोणाला तरी झळ सोसावी लागणार. ती कोणी सोसायची हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, याचे उत्तर न्यायालयांना द्यायचे आहे.