वणवा आणि राखणीची आग

महसूल खात्यांतील कारकुनीच्या काळांत वणव्यानें जळालेल्या गवताच्या गंजी, गोठे व आंब्याचीं कलमें यांचे पंचनामे मीं पुष्कळ लिहिले. त्यामुळें रानांत लागलेली प्रत्येक आग शत्रूच, असें माझें मत दीर्घकाळ होतें. तें आतां पालटलें आहे; त्याचें कारण वाचकांपुढें ठेवणें अवश्य वाटतें.

कर्नाटकांत चामराजनगर जिल्ह्यांत बिळिगिरीरंगन डोंगर आहेत. तेथील सोलिग लोक पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळा तापण्यापूर्वींच रानांतील पालापाचोळा थोडाथोडा पेटवीत. ही आग जमिनीलगत सरपटे व लवकर विझे. मोठ्या झाडांस तिची झळ फारशी लागत नसे. 1974 सालीं तेथें अभयारण्य झालें व ही चाल बंद पडली. पुढें परदेशांतून आलेली घाणेरी रानभर माजली. 1997 सालीं ती जितक्या ठिकाणीं आढळली, त्याच्या सुमारें दुप्पट ठिकाणीं 2008 सालीं आढळली. आवळ्यांवर बांडगूळही वाढलें. सोलिगांचें म्हणणें असें कीं, पूर्वींची आग या दोहोंसही कोवळेपणींच आवरीत असे. आग थांबली एवढें एकच कारण यास असेल असें नव्हे; तथापि रानांत जन्म घालविलेल्यांची साक्ष अशी टाकून देतां येत नाहीं.

यांतील मर्म वेळेचें आहे. जमिनींत ओल व हवेंत गारवा असतां आग मंद चालते. चैत्रांत तीच आग डोंगर खाऊन टाकते. वर्षानुवर्षें सांचलेला पाचोळा ही थकलेली बाकीच होय. ती एके दिवशीं व्याजासुद्धां वसूल होते.

मात्र हा न्याय सर्वत्र लागू नाहीं. सह्याद्रीच्या माथ्यावरील सदाहरित रानास आग सोसत नाहीं. पानझडीच्या रानांतही दरसाल आग फिरल्यास रोपें तगत नाहींत. मोहाचीं फुलें वेंचण्यास जागा साफ व्हावी, किंवा नवें गवत फुटावें, म्हणून काडी ओढून चालते होणें ही राखण नव्हे. शिवाय 1927 च्या वन कायद्याप्रमाणें राखीव जंगलांत आग लावणें हा गुन्हा आहे. तेव्हां कोणीं आपल्या मतानें तसें करूं नये.

मग आपण काय करावें? गायरानाच्या कडेचें गवत वेळीच कापून, रीतसर परवानगीनें, थंडींतच जाळरेषा काढाव्या. राब भाजतांना माणसें व पाणी हाताशीं ठेवावें. जेथें ग्रामसभेस 2006 च्या कायद्यानें सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तेथें तिनें वनखात्याबरोबर बसून कोठें, केव्हां व किती जाळावयाचें, आणि कोठें मुळींच जाळावयाचें नाहीं, हें लिहून ठरवावें. खात्यानेंही गांवच्या वृद्धांस आधीं विचारावें. नुसती मनाई लिहिणें माझ्यासारख्या कारकुनासही येतें. आग राखणें हें रान ओळखणाऱ्याचें काम आहे.