स्प्रिंगपेक्षा सांधा महत्त्वाचा

सुरतेच्या दक्षिणेस, मुंबईच्या लोहमार्गावर, सचिन हे स्थानक आहे. एके काळी तेथे सिद्दी नबाबांचे छोटे संस्थान होते. आज तेथे मोठी औद्योगिक वसाहत आहे. पोटासाठी खानदेशातून सुरतेकडे गेलेली पुष्कळ मराठी कुटुंबे अशाच कारखान्यांवर जगतात. सायकलने पाळीवर जाणाऱ्या कामगारास रस्त्यातील खड्डे कमरेने मोजावे लागतात. अशा घरात एखादा मुलगा वेल्डिंग शिकलेला असला की त्याच्या मनात येते, बाबांच्या सायकलला मोपेडसारखी मागून स्प्रिंग बसवावी. हा विचार मायेचा आहे. त्यास कोणी हसू नये. परंतु त्या सायकलीवर घरचेच माणूस बसावयाचे आहे, म्हणून चार गोष्टी आधी सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिली गोष्ट ही, की फ्रेमला करवत लावण्यापूर्वी सोपे उपाय करून पाहावेत. हवेचा टायर हीच मुळी सायकलची पहिली स्प्रिंग होय. 1887 साली बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीसाठी तो घरीच तयार केला. टायर थोडा रुंद घ्यावा, हवा दगडासारखी ठासून भरू नये आणि स्प्रिंगची सीट बसवावी. एवढ्याने भागले तर उत्तमच.

एवढ्याने भागले नाही तरच मागील चिमटा मोकळा करावयाचा. तो पुढच्या बाजूस सांध्यावर फिरतो आणि चाकासह वरखाली होतो. फ्रेम व चिमटा यांच्यामध्ये स्प्रिंग असते. लोक सारे लक्ष स्प्रिंगकडे देतात. आमच्या मते खरे काम सांध्याचे आहे. स्प्रिंग मोडली तर सायकल खाली बसेल. सांधा मोडला तर स्वार रस्त्यावर पडेल.

हा सांधा पॅडलच्या एक्सलच्या शक्य तितका जवळ असावा. तो दूर गेला तर प्रत्येक खड्ड्यात मागील चाकाचे पॅडलपासूनचे अंतर बदलते. चेन कधी ताणते, कधी ढिली पडून उतरते. साध्या सायकलला ही ढील ओढून घेणारे काही नसते. शिवाय सांधा रुंद असावा, त्यात पितळी बुश व जाड बोल्ट असावेत. अरुंद सांधा थोड्याच दिवसांत खेळू लागतो आणि चाक डावीउजवीकडे डुलते.

आता स्प्रिंगचा हिशेब. समजा, मागील चाकावर 50 किलो भार आहे आणि स्वार बसल्यावर चाक 20 मिलिमीटर दबावे अशी आपली इच्छा आहे. स्प्रिंग थेट चाकाच्या एक्सलजवळ उभी लावली, तर दर मिलिमीटरला अडीच किलोची स्प्रिंग पुरते. तीच चिमट्याच्या मध्यावर लावली, तर तिच्यावर दुप्पट भार येतो आणि ती निम्मीच दबते. म्हणून तेथे दर मिलिमीटरला 10 किलोची, म्हणजे चौपट कडक स्प्रिंग लागते. भंगारातून आणलेली स्प्रिंग एकाच्या सायकलीत ठीक चालते आणि दुसऱ्याच्या सायकलीत साफ बसते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

नुसत्या स्प्रिंगेत आणखी एक खोड आहे. ती जेवढे घेते, तेवढेच परत फेकते. खड्डा गेला तरी सायकल उसळत राहते. मोपेडच्या शॉक-ॲब्सॉर्बरमधील तेल ती उसळी जिरवते. रबरही ती थोडीफार जिरवते. 1959 च्या मिनी मोटारीस रबराची स्प्रिंग देणारे इंग्रज अभियंते ॲलेक्स मोल्टन यांनी 1962 साली लहान चाकांची सायकल बाजारात आणली, तिच्या मागील चाकासही रबराचाच ठोकळा होता. गावच्या कारागिरास हा मार्ग कमी खर्चाचा आहे.

ब्रेकचा विसर मात्र अनेकांना पडतो. आपल्या जुन्या सायकलींचा सळईचा ब्रेक फ्रेमला धरून असतो. चाक हलू लागले की ब्रेकचे रबर रिमवर नीट बसत नाही. म्हणून मागील ब्रेक हलत्या चिमट्यावरच बसवावा आणि तो तारेने ओढावा. कॅरियरचे याच्या उलट आहे. तो एक्सलला बांधलेला राहिला, तर त्यावर बसलेल्या पोराला स्प्रिंगचा काडीचाही उपयोग नाही. तो फ्रेमला पक्का जोडावा.

शेवटी परीक्षेविषयी. प्रथम स्वाराच्या वजनाइतकी वाळूची पोती बांधून सायकल खड्ड्यांतून हाताने ढकलत न्यावी. मग जोडणाऱ्याने स्वतः सावकाश चालवावी. दर आठवड्यास वेल्डिंगच्या कडा पुसून पाहाव्यात. केसाएवढी चीर दिसली तरी सायकल त्याच दिवशी बाजूला ठेवावी. दोन महिने हे निर्वेध पार पडेपर्यंत कॅरियरवर मूल बसवू नये.

वडिलांच्या कमरेची काळजी वाहणारा मुलगा ज्या घरात आहे ते घर भाग्याचे. त्याने घाई करू नये आणि वडिलांनीही त्यास घाई करावयास लावू नये, एवढेच आमचे सांगणे.