फोनची भेट आणि एकमान पद्धत

घरात नवा फोन घ्यायचा ठरला की अलीकडे एक गंमत होते. एरवी 'तुला काय कळतंय यातलं!' असे म्हणणारी मोठी माणसे आठवी-नववीतल्या मुलाला हाक मारतात आणि विचारतात, 'अरे, आजीसाठी फोन घ्यायचाय, कोणता घेऊ?' दिवाळीची ओवाळणी असो, आजोबांची पंचाहत्तरी असो, नाहीतर कॉलेजला परगावी निघालेली ताई असो, सल्लागार तुम्हीच! हा मान लहान नाही, कारण तुमच्या एका शब्दावर घरातले दहा-पंधरा हजार रुपये खर्च होतात. तेव्हा हा सल्ला आपण कशाच्या आधारावर देतो, याचा एकदा शांतपणे विचार करावयास हवा.

बहुतेक वेळा आपण खोक्यावरचे मोठे आकडे पाहतो आणि किंमत पाहतो. माझे म्हणणे असे की, खोक्यावरची किंमत ही फोनची खरी किंमतच नव्हे. पुस्तक किंवा घड्याळ भेट दिले की देणे तिथेच संपते. फोनचे तसे नाही. ज्याला तुम्ही फोन देता, त्याला त्याच क्षणी एक दरमहाचा खर्चही देता. म्हणून फोनची किंमत 'किती रुपये' अशी न मोजता 'दर महिन्याला किती रुपये' अशी मोजली पाहिजे. त्यासाठी लागणारे गणित तुम्ही प्राथमिक शाळेतच शिकला आहात. एकमान पद्धत!

आधी रिचार्जकडे पाहू. भारतात मोबाइलवरून पहिला फोन ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी मिनिटाला पैसे मोजावे लागत आणि आलेला फोन घेतला तरी पैसे पडत. आज बहुतेक योजनांत बोलणे अमर्याद असते. मग कंपनी विकते तरी काय? ती मिनिटे विकत नाही, दिवस विकते. मुदत संपली की आधी जाणारे आणि काही दिवसांनी येणारे फोनही बंद होतात. आजीचा फोन धडधाकट असतो, चार्जही असतो, पण तो वाजत नाही. एवढेच नव्हे, तर बँकेचा ओटीपी किंवा गॅस सिलिंडरचा निरोपही तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

एकदा दिवस विकत घ्यायचे म्हटल्यावर दर दिवसाचा भाव काढायलाच हवा. समजा, एक योजना २८ दिवसांना ३०० रुपयांची आहे, दुसरी ८४ दिवसांना ७५६ रुपयांची आणि तिसरी, जिच्यात इंटरनेट नाही, केवळ बोलणे व एसएमएस आहेत, ती ३६५ दिवसांना १,८२५ रुपयांची आहे. (हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. खरे दर वरचेवर बदलतात, ते तुम्ही स्वतः पाहावेत.) पहिलीचा भाव दिवसाला सुमारे १० रुपये ७१ पैसे, दुसरीचा ९ रुपये आणि तिसरीचा ५ रुपये. वरवर पाहता ३०० रुपयेच सर्वांत स्वस्त वाटतात. पण २८ दिवस म्हणजे महिना नव्हे. वर्षात अशी १२ नव्हे, १३ रिचार्जे लागतात आणि वर्षाचा खर्च ३,९०० रुपयांच्या वर जातो. तीन वर्षांत ११,७०० रुपयांहून अधिक! म्हणजे बारा हजारांच्या फोनसोबत जवळजवळ दुसऱ्या एका फोनचे पैसे मोजावे लागतात, आणि ते बहुधा भेट घेणाऱ्याच्या खिशातून जातात.

यावर नियम आहेत, ते माहीत असावेत. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, २०२२ साली प्रत्येक कंपनीला ३० दिवसांची निदान एक योजना ठेवणे भाग पाडले. डिसेंबर २०२४ मध्ये याच प्राधिकरणाने केवळ बोलणे व एसएमएस यांसाठीही वेगळी योजना असावी असे ठरवले, आणि अशा खास योजनांची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. दुकानातल्या फलकावर या योजना ठळकपणे दिसतीलच असे नाही. त्या विचारून घ्याव्या लागतात.

आता फोनकडे वळू. इथेही तीच पद्धत लावा, पण भागायचे कशाने? फोन किती दिवस चालू होईल याने नव्हे, तर किती दिवस सुरक्षित राहील याने. फोनच्या प्रणालीत वेळोवेळी दोष सापडतात आणि उत्पादक ते दुरुस्त करणाऱ्या सुरक्षा-सुधारणा पाठवतो. ही मुदत संपली की फोन दिसायला तसाच राहतो, पण दाराची कडी सैल झालेल्या घरासारखी त्याची अवस्था होते. त्याच फोनवर आजोबांचे पेन्शनचे खाते असेल तर ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. समजा, एक फोन ९,००० रुपयांचा आहे आणि त्याच्या सुधारणांची दोन वर्षे उरली आहेत. दुसरा १३,५०० रुपयांचा, पण त्याची पाच वर्षे उरली आहेत. पहिला महिन्याला ३७५ रुपयांना पडतो, दुसरा २२५ रुपयांना. 'स्वस्त' कोणता? मात्र एक खबरदारी घ्या. ही मुदत बहुधा फोन बाजारात आल्यापासून मोजली जाते, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. दोन वर्षांपूर्वीचा फोन सवलतीत मिळत असेल, तर त्याची दोन वर्षे आधीच खर्च झालेली असतात. शिवाय फोनमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो कारखान्यात तयार होतानाच घडून गेलेला असतो. म्हणून जो फोन अधिक वर्षे वापरता येतो, तो खिशाला आणि पृथ्वीलाही सोसतो.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांचे काय? '५० मेगापिक्सेल' म्हणजे पाच कोटी चित्रबिंदू. पण १०८० गुणिले २४०० बिंदूंच्या पडद्यावर एकूण बिंदू असतात सुमारे २६ लाख. फोनच्याच पडद्यावर नातवंडांचे फोटो पाहणाऱ्या आजीला उरलेल्या बिंदूंचा फारसा उपयोग नाही. फोटोचा चांगलेपणा भिंगावर आणि प्रकाश टिपणाऱ्या संवेदकाच्या आकारावरही अवलंबून असतो. तसेच '५००० एमएएच' ही बॅटरी. ३.८५ व्होल्टने गुणले तर तिच्यात सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा मावते. एवढ्या ऊर्जेवर १० वॉटचा दिवा दोन तासही जळत नाही. रोज पूर्ण चार्ज केला तरी वर्षाला नऊ-दहा युनिट वीज पुरते. म्हणजे महाग असते ती वीज नव्हे, बॅटरीचे म्हातारपण! युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नव्या फोनसाठी असा दंडक घातला की, बॅटरीने ८०० वेळा पूर्ण चार्ज होऊन रिकामी झाल्यावरही मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के क्षमता राखली पाहिजे. रोज एक आवर्तन धरले तर ही झाली जवळजवळ सव्वादोन वर्षे. तेव्हा दुकानदाराला हेही विचारा : बॅटरी बदलून मिळते का, कुठे, आणि किती रुपयांत?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र खोक्यावर छापलेलाच नसतो. फोन जिथे वापरला जाणार, तिथे संदेशलहरी पोहोचतात का? तुम्ही पुण्यात किंवा ठाण्यात बसून निवडलेली कंपनी सह्याद्रीच्या कुशीतल्या एखाद्या वाडीत मुकी असू शकते. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते, तर ५जी साठी वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरीची अवघी ९ सेंटिमीटर. आखूड लहरींना भिंती आणि टेकड्या अधिक अडवतात. म्हणून जिथे ५जी पोहोचतच नाही, तिथे त्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. पडद्यावरच्या दांड्यांवरही विसंबू नका. त्यांना ठरलेले एकक नसते. बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत संदेशाची तीव्रता डीबीएम या एककात दिसते. उणे ८० चांगली, उणे ११० अगदी क्षीण. फरक ३० चाच दिसतो, पण हे मापन लॉगरिथमचे आहे : दर १० ला दहापट. म्हणजे शक्तीत चक्क एक हजारपट फरक! सुट्टीत गावी जाल तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन स्वयंपाकघरात, ओटीवर आणि गोठ्यापाशी ही तीव्रता मोजा आणि वहीत मांडा. कंपनी बदलावीशी वाटली तर नंबर बदलण्याचे कारण नाही. २० जानेवारी २०११ पासून देशभर तोच नंबर ठेवून कंपनी बदलता येते.

येथे कोणी म्हणेल, 'भेटीत कसला आलाय हिशेब? मायेला मोजमाप नसते.' मायेला नसते, हे खरे. पण भेटीचा भार ज्याच्यावर पडतो, त्याला तो रोज जाणवतो. दुसरे कोणी म्हणेल, 'म्हाताऱ्या माणसाला काय करायचंय, बटणांचा साधा फोन पुरे.' हे मला त्याहूनही अधिक खटकते. आजीला काय झेपेल हे परस्पर ठरवणारे आपण कोण? तिला कीर्तने पाहायची असतील, परदेशी असलेल्या मुलाचा चेहरा पाहायचा असेल, तर तिला पडदाही हवा आणि इंटरनेटही हवे. उलट आजोबांना केवळ बोलायचेच असेल, तर ४जी चा बटणांचा फोन ही त्यांची उत्तम निवड ठरेल, आणि त्यात कमीपणा काही नाही. अंदाज नको, विचारा. आठवडाभर रोज किती वेळ बोलणे होते, किती वेळ चित्रफिती पाहिल्या जातात, ते टिपून ठेवा. साध्या प्रतीची चित्रफीत तासाला साधारण अर्धा ते पाऊण जीबी खाते. अर्धा तास पाहणाऱ्याला रोजचे २ जीबी देणे म्हणजे उरलेले मध्यरात्री फुकट घालवणे होय.

आणखी दोन गोष्टी. सिमकार्ड वापरणाऱ्याच्याच नावावर असावे, कारण त्या नंबराला बँकेचे खाते जोडले जाते. आणि वापरलेला फोन घ्यायचा असेल तर लाजू नका, पण तपासून घ्या. *#०६# दाबले की १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. शासनाच्या 'संचार साथी' या सेवेवर तो पडताळून पाहता येतो. चोरीला गेल्याची नोंद झालेला फोन असेल तर तिथे उमगते.

शिक्षकांना एक विनंती. 'शतमान व एकमान' शिकवताना आंब्यांच्या पेट्या आणि मजुरांचे दिवस यांच्या जोडीला रिचार्जचा एक तक्ता फळ्यावर येऊ द्या. मुले तो घरी नेतील आणि घरातल्या चार माणसांचे पैसे वाचवतील.

आणि मित्रहो, पुढच्या वेळी तुम्हाला कोणी विचारले, 'कोणता फोन घेऊ?' तर उत्तर देण्याआधी तीन प्रश्न विचारा : कोणासाठी? कुठे वापरणार? आणि रिचार्ज कोण भरणार? शेवटच्या प्रश्नावर घर गप्प झाले, तर सुचवा की फोन हजार-दोन हजारांनी साधा घ्यावा आणि उरलेल्या पैशांतून वर्षभराचा रिचार्ज भरून मगच तो आजीच्या हाती द्यावा. खोक्यावरचा आकडा त्यामुळे लहान होईल. पण आजीचा फोन वर्षभर वाजत राहील.