कंबर, त्रिक की खुबा? नाव देण्यापूर्वी परीक्षण हवे

कंबरेखाली दुखते म्हणून रुग्ण आला की केसपेपरवर बहुधा दोनपैकी एक शब्द उमटतो : कटिशूल किंवा गृध्रसी. दुखणे जागच्या जागी असेल तर पहिला, पायात उतरत असेल तर दुसरा. त्याखाली योगराज किंवा त्रयोदशांग गुग्गुळ, दशमुळांचा काढा, महानारायण तेल आणि रुग्णाला सवड असल्यास कटिबस्ती. या योजनेत काही वावगे आहे असे आमचे म्हणणे नाही. तिने असंख्य रुग्णांना उपशय मिळतो. आमचा आक्षेप आहे तो नाव देण्याच्या घाईवर. कंबरेचे मणके, त्रिकास्थी व श्रोणिफलक यांमधील सांधा आणि खुब्याचा सांधा ही तीन स्वतंत्र स्थाने आहेत. रुग्णाला मात्र तिन्हींची वेदना जवळजवळ एकाच प्रदेशात, कुल्ल्यात आणि मांडीत, जाणवते. ही स्थाने वेगळी ओळखण्यास प्रथमतः कोणतेही यंत्र लागत नाही. तपासणीचे टेबल, दहा-पंधरा मिनिटांचा वेळ आणि वैद्याचे दोन हात एवढे पुरते. फिजिओथेरपीच्या शास्त्राने या परीक्षणाला गेल्या काही दशकांत नेटके रूप दिले आहे. वैद्यवर्गाने ते निःसंकोच आत्मसात करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

असे परीक्षण आपल्या परंपरेला परके आहे, असे कोणी म्हणेल तर ते टिकणारे नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात वाताचे ऐंशी नानात्मज विकार सांगितले. त्यांत गृध्रसीबरोबरच ऊरुसाद, वंक्षणानाह, श्रोणिभेद, खंजत्व, त्रिकग्रह आणि पृष्ठग्रह ही नावे स्वतंत्रपणे येतात. याच एका प्रदेशासाठी आचार्यांनी इतके शब्द योजले; आपण मात्र दोनांवर भागवतो. सुश्रुतसंहितेत संधींचे आठ प्रकार आहेत. तेथे वंक्षणसंधी उलूखल प्रकारात, म्हणजे उखळीसारखा, तर नितंबाकडील संधी सामुद्ग प्रकारात, म्हणजे संपुटासारखा सांगितला आहे. गोळा आणि वाटी असलेला खुबा व जवळजवळ न हलणारा त्रिकाचा सांधा यांतील भेद त्या दोन उपमांतच दडलेला आहे. पृष्ठवंशाच्या दोन्ही बाजूंस, फारशा खोल नसलेल्या ठिकाणी असणारे कुकुंदर हे संधिमर्म सुश्रुताने वैकल्यकर म्हटले. प्राचीन नाव आधुनिक सांध्याशी तंतोतंत जुळवण्याचा आग्रह आम्ही धरत नाही. परंतु स्थानभेद पाहण्याची सवय आपल्याच ग्रंथांची आहे, एवढे यातून निश्चित होते. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेतील स्पर्शन नाडीपाशी थांबावे, असे कोणत्याही आचार्याने सांगितलेले नाही.

आता प्रत्यक्ष परीक्षणाकडे वळू. आरंभ प्रश्नाने करावा, आणि पहिला प्रश्न असा : दुखते ती जागा एका बोटाने दाखवा. त्रिकाच्या सांध्याचा रुग्ण बहुधा कंबरेखाली एका बाजूस दिसणाऱ्या खळीच्या किंचित आत व खाली बोट ठेवतो, आणि पुन्हा विचारले तरी तेथेच ठेवतो. खुब्याचा रुग्ण जांघेत बोट ठेवतो, किंवा अंगठा मागे व बोटे पुढे करून खुबा पंजात धरून दाखवतो. मणक्यातील नाडी दाबली गेलेला रुग्ण कंबरेपासून गुडघ्याखाली, पोटरीतून पावलापर्यंत रेघ ओढतो. चरकाने गृध्रसीत सांगितलेला स्फिक्, कटी, पृष्ठ, ऊरू, जानू, जंघा, पाद हा क्रम येथे आठवावा. मांडीच्या बाहेरील उंचवट्यावर हात ठेवून ‘या कुशीवर झोपता येत नाही’ म्हणणाऱ्या रुग्णाचे, विशेषतः मध्यम वयाच्या स्त्रीचे, दुखणे पुष्कळदा सांध्यात नसून नितंबाच्या कंडरांत असते. या प्रश्नाने निदान पक्के होत नाही. परीक्षणाची दिशा मात्र ठरते.

त्रिकाच्या सांध्यासाठी फिजिओथेरपिस्ट चाचण्यांचा एक गट वापरतात. उताण्या रुग्णाच्या श्रोणिफलकांच्या पुढील टोकांवर तळहात ठेवून बाहेर व मागे दाब देणे, ही पहिली. खुबा काटकोनात वाकवून मांडीच्या रेषेत खाली दाब देणे, ही दुसरी. कुशीवर निजवून वरच्या श्रोणिफलकावर दाब देणे, ही तिसरी. पालथे निजवून त्रिकास्थीवर दाब देणे, ही चौथी. पाचवी गेन्सलेनची, तीत एक गुडघा छातीशी घेऊन दुसरा पाय टेबलाच्या कडेवरून खाली सोडतात, आणि ती दोन्ही बाजूंनी करतात. दाब दिल्यावर नुसते कोठेतरी दुखणे पुरेसे नाही. ‘हेच माझे दुखणे’ असे रुग्णाने ओळखले तरच चाचणी सकारात्मक धरावी.

यातील कोणतीही एक चाचणी एकटी विश्वासार्ह नाही. बळ आहे ते गटात. मार्क लास्लेट व सहकाऱ्यांनी २००५ साली ४८ रुग्णांत या परीक्षणाची तुलना सांध्यात बधिरतेचे इंजेक्शन देऊन केलेल्या निदानाशी केली. गेन्सलेनच्या दोन बाजू वेगळ्या धरून सहांपैकी तीन किंवा अधिक चाचण्या सकारात्मक असणे, ही खूण ज्यांचा सांधा खरोखर दुखत होता अशांपैकी ९४ टक्क्यांत आढळली; ज्यांचा दुखत नव्हता अशांपैकी ७८ टक्के लोकांत ती आढळली नाही. रुग्णसंख्या लहान होती आणि रुग्ण जुनाट दुखण्याचे होते, हे ध्यानात ठेवावे. तरीही एकही चाचणी सकारात्मक नसेल तर दुखण्याचे मूळ अन्यत्र शोधावे, हा या अभ्यासाचा बोध रोजच्या व्यवहारात फार उपयोगी आहे.

येथेच एका रूढ समजुतीचा समाचार घेणे आवश्यक आहे. ‘कंबर सरकली’, ‘हाड जाग्यावरून हलले’ असे सांगून झटका देणारे गावोगावी आहेत, आणि दुर्दैवाने काही पदवीधरही ती भाषा बोलतात. १९८९ साली स्वीडनमधील संशोधकांनी हाडांत धातूचे सूक्ष्म मणी बसवून क्ष-किरणांच्या साह्याने या सांध्याची हालचाल मोजली. ती सरासरी अडीच अंश आणि एका मिलिमीटरहूनही कमी भरली. एवढी हालचाल कातडी, मेद व स्नायूंच्या थरांवरून बोटांना कळते, हा दावा फिजिओथेरपिस्टांच्या स्वतःच्या अभ्यासांतही टिकलेला नाही. दोन परीक्षकांची बोटे एकाच रुग्णात वेगवेगळे सांगतात. वेदना जागी करून पाहणाऱ्या चाचण्या त्या मानाने अधिक खात्रीच्या ठरल्या. ज्या शास्त्राकडून आपण शिकावयाचे त्याने स्वतःच्या पद्धती पारखून काही बाजूस ठेवल्या, ही बाब आम्हांस विशेष अनुकरणीय वाटते.

खुब्याचे परीक्षण याहून सोपे, आणि आमच्या मते अधिक निकडीचे आहे. रुग्णास उताणे निजवून खुबा व गुडघा काटकोनात वाकवावा आणि पाऊल बाहेरच्या दिशेस न्यावे. यामुळे मांडी आतल्या बाजूस वळते. हे वळणे दुसऱ्या पायाच्या मानाने कमी असेल आणि त्या वेळी जांघेत कळ येत असेल, तर खुबा दूषित आहे असे प्रथम समजावे. त्यानंतर त्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून गुडघा हलकेच खाली दाबावा. कळ जांघेत आली तर खुब्याकडे, मागे त्रिकाजवळ आली तर त्रिकाच्या सांध्याकडे संशय जातो. शेवटी रुग्णास एका पायावर उभे करावे. उचललेल्या बाजूची श्रोणी खाली झुकली तर उभ्या पायाच्या नितंबाचे स्नायू दुर्बल झाले आहेत. खुब्याची वेदना कित्येकदा केवळ गुडघ्यात जाणवते. म्हणून गुडघ्याचा, त्यातही लंगडणाऱ्या मुलाचा, खुबा तपासल्याशिवाय गुडघ्याला तेल देऊ नये.

गृध्रसीचा निर्णय या दोन्ही सांध्यांच्या परीक्षणानंतर करावा. पाय सरळ ठेवून उचलता तीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली झणझणती कळ येणे, पायाच्या अंगठ्याचे बळ घटणे, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावणे ही नाडी दाबली गेल्याची चिन्हे होत. केवळ मांडीचा मागील स्नायू ताणला जाणे म्हणजे गृध्रसी नव्हे. गृध्रसीत चरकाने सिराव्यध, बस्ती व अग्निकर्म सांगितले आहे. खुब्याच्या क्षयाने दुखणाऱ्या पायावर घोट्याजवळ सिराव्यध केला, तर दोष ग्रंथाचा की वैद्याचा?

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. पंचविशीतील तरुण कुल्ल्यात आलटून-पालटून दुखते, पहाटे जाग येते, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ ताठरपणा राहतो आणि हालचालीने बरे वाटते असे सांगतो, तेव्हा त्याच्या त्रिकाच्या सांध्यात शोथ असण्याची शक्यता प्रबळ असते. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या व्याधीचा आरंभ असाच होतो. माधवकरांनी आमवातात त्रिकसंधीचा केलेला उल्लेख येथे स्मरावा. प्रारंभी साधा एक्स-रे निर्दोष येऊ शकतो, एमआरआयमध्ये शोथ दिसतो. वर्षे वाया गेली तर पाठीचा कणा जुळून ताठ होऊ शकतो.

दुसरा प्रसंग खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा. दीर्घकाळ स्टेरॉइड, अतिमद्यपान आणि सिकलसेल ही त्याची प्रमुख कारणे. विदर्भातील व नंदुरबारकडील वैद्यांनी सिकलसेलचा प्रश्न विचारल्याशिवाय तरुणाच्या खुब्याचे दुखणे सोडू नये. कोविडवर स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांत ही विकृती आढळल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली नोंदविले. येथेही आरंभीचा एक्स-रे फसवा असू शकतो. गोळा खचण्यापूर्वी निदान झाले तर सांधा वाचविण्याचे काही मार्ग उरतात; खचल्यावर बहुधा कृत्रिम सांधाच राहतो. या दोन अवस्थांमधला काळ काढे आणि तेल यांत जावा, यासारखी दुसरी खंत नाही.

काही रुग्णांत तर परीक्षणही थांबवून तत्काळ पुढे पाठवावे. पडलेला वृद्ध, ज्याचा पाय आखूड व बाहेर वळलेला दिसतो. ज्वर, वजन घटणे किंवा पूर्वी झालेला कर्करोग. मूत्र अडणे अथवा गुदाभोवतीची संवेदना हरपणे. यांच्यावर दाबाच्या चाचण्या करू नयेत. गर्भिणीच्या श्रोणिवेदनेत चाचण्या सौम्य हाताने कराव्यात आणि उत्तरार्धातील महिन्यांत तिला फार वेळ उताणे निजवू नये.

औषधविक्रेत्या बंधूंसाठीही यात काम आहे. ‘कंबरेचे काही द्या’ म्हणून येणारा ग्राहक पुष्कळदा कोणाही वैद्यापूर्वी त्यांनाच भेटतो. डबा हाती देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : किती दिवस दुखते, जांघेत दुखते का, पडणे झाले का, स्टेरॉइडची औषधे घेतली का? सहा आठवडे उलटले असतील किंवा पुढील तिन्हींपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल तर वैद्याकडे धाडावे. आणखी एक विनंती अधिक कळकळीची. नाव-लेबल नसलेल्या, दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या वातपुड्या दुकानात ठेवू नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले वेळोवेळी सापडले आहे. ज्या पुडीने वेदना थांबते तिनेच खुबा झिजावा आणि दोष आयुर्वेदाच्या माथी यावा, हे आपल्या व्यवसायाला परवडणारे नाही.

‘असे परीक्षण करू लागलो तर वैद्य फिजिओथेरपिस्ट होईल’, अशी शंका काही ज्येष्ठ व्यक्त करतात. आम्हांस ती भीती निराधार वाटते. षट्क्रियाकालातील चौथी अवस्था स्थानसंश्रयाची आहे. दोष कोणता, साम की निराम, धातुबल किती, हे ठरविणे वैद्याचेच काम राहील. परंतु दोषाने आश्रय घेतलेले स्थान चुकले तर उत्तम बस्तीही निशाण चुकते. मणक्यांवर बांधलेली कटिबस्ती खुब्याची हालचाल परत देत नाही. व्यायामयोजना हे फिजिओथेरपिस्टांचे क्षेत्र आहे आणि ते त्यांचेच असावे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने त्यांच्या व्यवसायाला राष्ट्रीय आयोगाची चौकट दिली आहे. त्यांच्याशी चिठ्ठीचे नाते जोडण्यात वैद्याला कमीपणा नाही.

यास्तव आमच्या सूचना थोड्या व व्यवहार्य आहेत. कंबरेखालील प्रत्येक दुखण्याच्या केसपेपरवर वेदनेची जागा, खुब्याचे आत वळणे दोन्ही बाजूंस, त्रिकाच्या चाचण्यांपैकी किती सकारात्मक, पाय किती अंशांपर्यंत उचलला आणि अंगठ्याचे बळ, या पाच नोंदी असाव्यात. दोन आठवड्यांनी त्याच पुन्हा घ्याव्यात. सुधारणा रुग्णाच्या तोंडी शब्दाबरोबर अंशांतही दिसली पाहिजे. पुढे पाठविताना त्या नोंदी चिठ्ठीत लिहाव्यात. संघाच्या प्रत्येक शाखेने वर्षातून एकदा जवळच्या फिजिओथेरपी महाविद्यालयातील अध्यापकांना बोलावून प्रत्यक्ष टेबलावर हे परीक्षण शिकून घ्यावे. व्याख्यानाने हात शिकत नाहीत. अशा नोंदी चार शाखांनी वर्षभर ठेवल्या, तरी कोणत्या स्थानाच्या दुखण्यात कोणता उपक्रम किती उपयोगी पडतो, हे याच त्रैमासिकात आकड्यांनिशी मांडता येईल. वैद्यबंधूंनी आणि भगिनींनी येत्या आठवड्यातील पहिल्या रुग्णापासून आरंभ करावा, ही विनंती.