बर्नी कस्टिस : क्वार्टरबॅक आणि त्यानंतरचा प्रशिक्षक

२९ ऑगस्ट १९५१ रोजी कॅनडातील हॅमिल्टन टायगर-कॅट्स हा संघ मैदानात उतरला, तेव्हा त्याची सूत्रे बावीस वर्षांच्या बर्नी कस्टिसच्या हाती होती. आधुनिक व्यावसायिक फुटबॉलमध्ये एखाद्या कृष्णवर्णीय खेळाडूने क्वार्टरबॅक म्हणून सामन्याचा आरंभ करण्याची ही पहिली वेळ मानली जाते. कस्टिसची कथा बहुधा येथेच संपवली जाते आणि तिचे श्रेय कॅनडाच्या उदारपणाला दिले जाते. हे दोन्ही अपुरे आहे.

हा फुटबॉल म्हणजे सॉकर नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा आणि फेकण्याचा हा खेळ. त्यात प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. चेंडू कोणाकडे फेकायचा की स्वतःच धावायचे, हे तो क्षणार्धात ठरवतो. त्या काळी बहुतेक संघांत चालही तोच निवडत असे. म्हणजे हुकूम त्याचा, आणि इतरांनी तो मानायचा.

नेमकी मेख येथेच होती. सिरॅक्युज विद्यापीठात क्वार्टरबॅक म्हणून गाजलेल्या कस्टिसला १९५१ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सने निवडले. या संघाला कृष्णवर्णीयांचे वावडे नव्हते. मॅरियन मॉटली आणि बिल विलिस १९४६ पासून तेथे खेळत होते. पण कस्टिसला बचावफळीत सेफ्टी म्हणून खेळण्यास सांगण्यात आले. ताकद आणि वेग चालत होते, नेतृत्व मात्र नको होते. वर्णभेदाचा हा प्रकार उघड बंदीपेक्षा अधिक चिवट, कारण संघाच्या छायाचित्रात तो दिसत नाही. कस्टिसने नकार दिला. अखेर दुसऱ्या अमेरिकी संघाकडे न जाण्याच्या अटीवर त्याला कॅनडाची वाट मोकळी झाली.

हॅमिल्टनने त्याला हवी ती जागा दिली, हे खरेच. पहिल्याच हंगामात तो ऑल-स्टार ठरला. आणि पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, त्याला क्वार्टरबॅकवरून हलवून रनिंग बॅक करण्यात आले! उदारतेची कथा सांगणारे हे वाक्य सहसा गाळतात. त्या नव्या जागेवरूनही तो १९५३ च्या ग्रे कप विजेत्या संघात होता. अंतिम सामन्यात हॅमिल्टनने विनिपेगला १२-६ असे हरवले. तरीही पहिल्याच वर्षी गौरवल्या गेलेल्या क्वार्टरबॅकला ती जागा सोडावी लागली, हे विसरता येत नाही.

पुढे ओटावाकडून खेळून त्याने खेळाडूची कारकीर्द संपवली. त्यानंतरचा काळ चरित्र-टिपणांत दोन ओळींत उरकला जातो, आणि खरे तर तोच सर्वांत मोठा आहे. कस्टिस हॅमिल्टन परिसरातच स्थायिक झाला, शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला. शाळा सांभाळत त्याने ज्युनिअर संघांना घडवले. शेरिडन कॉलेजच्या संघाने त्याच्या हाताखाली आठ वर्षांत सहा वेळा ओंटारियोतील कॉलेज-अजिंक्यपद मिळवले. १९८२ मध्ये तो मॅकमास्टर विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि त्याच वर्षी कॅनडातील सर्वोत्तम विद्यापीठ-प्रशिक्षक ठरला. ज्याला मैदानावर हुकूम देण्यास अपात्र मानले गेले, तो आता क्वार्टरबॅक घडवत होता.

१९५१ हे वर्ष त्याने सर्वांसाठी दार उघडले, असेही मानू नये. १९७२ मध्ये चक इली हा टोलेडो विद्यापीठाचा क्वार्टरबॅक ३५ सामन्यांत एकदाही न हरता बाहेर पडला, तरी एनएफएलच्या एकाही संघाने त्याला निवडले नाही. तोही हॅमिल्टनलाच आला आणि पहिल्याच वर्षी ग्रे कप जिंकून बसला. मध्ये एकवीस वर्षे गेली होती.

१९९८ मध्ये कॅनडाच्या फुटबॉल हॉल ऑफ फेमने कस्टिसचा समावेश केला, तो खेळाडूंच्या यादीत नव्हे, तर खेळ उभारणाऱ्यांच्या यादीत. पहिल्या सामन्याच्या तारखेवर थांबणाऱ्यांना हे खटकेल. पण निवड अचूक होती. २०१७ मध्ये त्याचे निधन झाले. दोन वर्षांनी हॅमिल्टनमध्ये, टायगर-कॅट्सच्या मैदानाशेजारी, त्याच्या नावाची माध्यमिक शाळा सुरू झाली.