‘नागपूरला हलविण्यात आले’. पण हलवलं कोणी?

मंडळी, वीस वर्षांत हे वाक्य मी किती बातम्यांत लिहिलं असेल, मोजदाद नाही. गंभीर जखमीला नागपूरला हलविण्यात आले. कोणी हलवलं, ते कधीच लिहिलं नाही.

लाखांदूरहून नागपूरचं मेडिकल शंभर किलोमीटरच्या पुढे. तेवढा वेळ गाडीत रुग्णाजवळ एकच माणूस असतो. आपल्या १०८ वर तो बहुतेकदा बीएएमएस, बीएचएमएस झालेला डॉक्टर. पुढे चालक, ज्याला ‘पायलट’ म्हणतात. ऑक्सिजन, सलाईन, नातेवाइकांची रडारड, शिव्या, सगळं त्या एकट्यानं झेलायचं. मेडिकलला रुग्ण उतरवला की तो वाचला की गेला, हेही बरेचदा कळत नाही. गाडी पुसायची नि परत फिरायचं.

ओळखीच्या अशाच एका डॉक्टरनं मध्यंतरी काम सोडलं. चहाच्या टपरीवर निकाल लागला : “भाऊ, लई मनाला लावून घ्यायचा तो. या कामाले दगडाच्या काळजाचा माणूस पायजे.” मीही मान डोलावली. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला.

कारण दगड होणं हे यावरचं औषध नाही, तेच दुखणं आहे. क्रिस्टिना मास्लाक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्नआउटच्या तीन खुणा सांगितल्या : जीव आटून जाणं, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ मध्ये बर्नआउटचं मूळ नीट न हाताळलेल्या कामाच्या ताणात सांगितलं. स्वभावाचा वाटा असेलही. पण आपण खापर तेवढं स्वभावावर फोडतो, म्हणजे ड्युटी नि कंत्राटाबद्दल कोणाला काही विचारावं लागत नाही.

१०८ राज्यात २०१४ साली सुरू झाली, ९३७ गाड्यांनी. गाड्या सगळे मोजतात. माणसं कंत्राटी. दरवर्षी किती सोडून गेली नि का, हा आकडा जिल्हा नियोजन समितीत आमदार-खासदारांनी मागावा. मोठ्या घटनेनंतर त्या टीमला थोडी उसंत मिळावी, रुग्णाचं पुढे काय झालं ते कळवावं. याला काही कोटी लागत नाहीत.

९ जानेवारी २०२१. जिल्हा रुग्णालयात दहा बाळं गेली. २४ जानेवारी २०२५, जवाहरनगरचा स्फोट. नेते आले, आम्ही कॅमेरे घेऊन धावलो. त्या दिवशी ज्यांनी हातांनी माणसं उचलली, त्यांना नंतर झोप लागते का, हे मी विचारलं नाही. तुमच्यापैकी कोणी विचारलं असेल तर कमेंटमध्ये सांगा.

तो डॉक्टर आता गावात दवाखाना टाकतोय. त्याच्या जागी नवं पोरगं आलंय, पायलटही नवाच. परवा तुमसरात गाडी थांबवून त्यांनी मला विचारलं, नाकाडोंगरीला जायचा जवळचा रस्ता कोणता?