अक्षहृदय आणि एकवीसचा तक्ता

जुगार हा विषय मराठीच्या अध्यापकांनी हाती घ्यावा काय, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, तो आपण घेतला नाही तरी आपल्या विद्यार्थ्यांनी केव्हाच घेतला आहे. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या आईबापांची मुले आमच्या वर्गात बसतात. पोळ्याला कोठे बावन्न पत्त्यांचा डाव बसतो आणि सट्टापट्टी कोण घेतो, हे त्यांना ठाऊक असते. मोबाइलने त्या ज्ञानात एका भारदस्त शब्दाची भर घातली आहे : ‘बेसिक स्ट्रॅटेजी’. ब्लॅकजॅक हा जुगार नव्हे, त्याचे शास्त्र आहे, ते शिकले की झाले, असा या शब्दाचा ध्वनी. हे शास्त्र खरोखरच आहे आणि ते शिकावे, असेच आमचे मत आहे. मात्र जाहिरात ज्या कारणासाठी शिकवते, त्याच्या नेमक्या उलट कारणासाठी.

प्रथम खेळ समजून घेऊ. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावयाची. एकवीस ओलांडले की डाव गेला. राजा, राणी, गुलाम यांचे प्रत्येकी दहा. एक्का एक किंवा अकरा. डीलरचा एक पत्ता उघडा असतो. त्याला स्वतःचे मत नसते : बेरीज सतरा होईपर्यंत त्याने पत्ता घ्यायचा, मग थांबायचे. निर्णय फक्त खेळणाऱ्याला घ्यावे लागतात, आणि प्रत्येक निर्णयाचे गणित मांडता येते. ते अमेरिकन सैन्यातील बाल्डविन, कॅन्टी, मायझेल व मॅकडरमॉट या चौघांनी साध्या हिशेबयंत्रांवर मांडले आणि १९५६ साली एका संख्याशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. आजचा तक्ता त्याचाच वंशज. एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी नेहमी फोडावी; दहांची कधीच फोडू नये. तेरा ते सोळा बेरीज असताना डीलरचा पत्ता दोन ते सहा असेल तर थांबावे, सात किंवा वर असेल तर पत्ता घ्यावा. ‘इन्शुरन्स’ म्हणून जी जादा पैज सुचवली जाते, ती घेऊ नये. चार-सहा दिवसांत पाठ होईल एवढाच हा ऐवज आहे.

आता या तक्त्यातील एक चौकट पाहा. तुमचे सोळा झाले आहेत आणि डीलरचा दहा उघडा आहे. पत्ता घ्या की थांबा, शंभराच्या पैजेवर सरासरी चौपन्न रुपयांच्या आसपास तूट ठरलेली. घेतला तर ती काही पैशांनी कमी. तक्ता सांगतो, घ्या. काही ठिकाणी अर्धी पैज सोडून डाव टाकण्याची मुभा असते. तेथे तक्ता सांगतो, पळा. शहाणपण येथे विजयाचा मार्ग दाखवीत नाही. दोन पराभवांतला स्वस्त कोणता, एवढेच सांगते.

संपूर्ण तक्त्याचा निष्कर्षही हाच आहे. नियम अनुकूल असतील आणि एकही चूक झाली नाही, तरी शेकडा सुमारे अर्धा रुपया घराकडे जातो. शंभराची पैज, तासाला साठ डाव, म्हणजे सहा हजारांची उलाढाल; त्यावर तीस रुपये सरासरी तूट. मनाला येईल तसे खेळून ती दोन टक्के होते असे धरले, तर एकशेवीस. तक्ता शिकून वाचतात ते हे नव्वद रुपये. मिळत काहीच नाही. शिवाय पहिल्याच दोन पत्त्यांत एकवीस आल्यास दीडपटीऐवजी पाचास सहा द्यायचे, एवढा एकच नियम घराने बदलला की तूट आणखी सुमारे १.४ टक्क्यांनी वाढते आणि सारे पाठांतर वाहून जाते. गावच्या अड्ड्यावर मालक उघडपणे ‘नाल’ कापून घेतो. येथे ती कापलेली दिसत नाही, कारण ती क्रमात दडलेली असते : आधी खेळणाऱ्याने पत्ते घ्यायचे, आणि त्याने एकवीस ओलांडले की त्याचे पैसे गेले, मग नंतर डीलरनेही ओलांडले तरी ते परत नाहीत.

हे सांगण्यासाठी मराठीचा अध्यापकच का हवा? कारण या विद्येची सर्वांत जुनी कथा आपल्या विदर्भाच्या वाटेवर घडली आहे. रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे नल-दमयंतीचा हंस विद्यार्थ्यांच्या लक्षात राहतो. वनपर्वातील बेहड्याचे झाड मात्र वर्गात क्वचितच येते. द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक होऊन ऋतुपर्णाचा रथ विदर्भाकडे, दमयंतीच्या माहेरी कुंडिनपुराला हाकतो आहे. (आजचे वर्धेकाठचे कौंडण्यपूर ते हेच, असे परंपरा मानते.) वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याची पाने-फळे नुसत्या नजरेने मोजून सांगतो. नल झाड पाडून फळे मोजतो, संख्या जुळते. मग अश्वविद्येच्या बदल्यात तो अक्षहृदय शिकतो आणि त्याच क्षणी कली त्याच्या देहातून बाहेर पडतो. फासे ज्या फळांचे होत, त्याच झाडाखाली फाशांचे गणित शिकवावे, ही कल्पना विलक्षण आहे. इअन हॅकिंग यांनी संभाव्यतेच्या इतिहासावरील आपल्या १९७५ च्या ग्रंथात या कथेची दखल घेतली, ती उगाच नव्हे.

पुढे नल एका डावात राज्य परत जिंकतो. जाहिरातीला कथा येथेच थांबलेली हवी असते. पण पुष्कर आणि कॅसिनो यांत भेद आहे. पुष्कर हा माणूस होता. त्याला मत्सर होता, दमयंतीचा लोभ होता, आणि त्याचे फासे नलाच्या फाशांपेक्षा वरचढ नव्हते. कॅसिनोला लोभाने चूक करता येत नाही. त्याचा लोभ नियमांतच बसवलेला असतो.

महाभारतकारांना हे उमगले असावे, असे आम्हांस वाटते. ही कथा बृहदश्व ऋषी वनवासातील युधिष्ठिराला सांगतात आणि शेवटी त्यालाही अक्षहृदय देतात. त्या विद्येने युधिष्ठिर काय मिळवतो? विराटाच्या सभेत कंक होऊन तो जिंकतो, भावांना गुपचूप धन देतो, एवढेच. तेथे तो विराटाला द्यूतापासून सावधही करतो, आणि संतापलेल्या राजाने फेकलेला फासा त्याच्याच नाकावर बसून रक्त येते. राज्य फाशांनी गेले; फाशांची संपूर्ण विद्या हाती येऊनही फाशांनी परतले नाही.

‘कौशल्य’ या शब्दाची आपल्याकडील वाटचालही तपासण्यासारखी आहे. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली म्हटले, आणि पुढे त्या शब्दाच्या आडोशाने बरेच काही विकले गेले. महाराष्ट्राने १९७६ साली केलेला कॅसिनो कायदा कधी अंमलात आलाच नाही. २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्यात मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या नौका उभ्या आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला. कायद्याला जे करण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला, ते तक्त्यातील सोळा-दहाची चौकट एका तासिकेत करू शकते : कौशल्य खरे असते आणि तरीही अपुरे असते, हे ती दाखवते.

वर्गात जुगाराचे धडे देणार काय, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. अर्धवट शिकलेला तक्ता न शिकलेल्यापेक्षा घातक, कारण तो धीट करतो. म्हणूनच तो शेवटच्या बेरजेपर्यंत शिकवावा लागेल. ‘जुगार वाईट’ हे सुभाषित मुलांनी लहानपणापासून ऐकले आहे. त्याने कोणी थांबल्याचे दिसत नाही. उपदेशाला उत्तर देता येते, नव्वद रुपयांच्या हिशेबाला देता येत नाही. वनपर्वातील तो अध्याय आणि एकवीसचा तक्ता शेजारी ठेवून एक तासिका घ्यावी, एवढीच आमची सूचना आहे. बेहड्याखाली नलाने झाडाची फळे आधी मोजली, विद्या नंतर घेतली. आपल्या विद्यार्थ्यांनाही कोणतीही ‘स्ट्रॅटेजी’ घेण्याआधी मोजण्याची सवय लागली, तर मराठीच्या तासाने बरेच साधले असे आम्ही म्हणू.